एकराचे 40 गुंठे (लेखांक 9)

गुंठा म्हणजे 33 फूट लांब आणि 33 फूट रुंद असा जमिनीचा चौरस. क्षेत्र 1,089 चौरस फूट. असे 40 गुंठे मिळून 43,560 चौरस फुटांचा एकर होतो. शेतकरी असो, दलाल असो की तालुक्याच्या कचेरीबाहेर बसणारा अर्जनवीस, हा हिशेब प्रत्येकाला तोंडपाठ असतो. पण 33 फूटच का, आणि 100 सोडून 40च का, असे मागील लेखांक वाचून एका वाचकाने विचारले आहे. प्रश्न दिसतो तेवढा लहान नाही. त्यामुळे या लेखांकात यायचा होता तो कूळकायदा एक आठवडा पुढे गेला आहे.

एकर इंग्लंडचा. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात एडमंड गंटर या इंग्रज गणितज्ञाने 66 फुटांची, 100 कड्यांची साखळी रूढ केली. दहा चौरस साखळ्या म्हणजे एक एकर, असा तिचा सुटसुटीत हिशेब. मुंबई इलाख्याच्या मोजणीत मात्र हीच साखळी निम्मी झाली, 33 फुटांची. तिचे भागही 100 न राहता 16 झाले आणि त्यांना नाव पडले आणे. साखळीचा एक आणा म्हणजे दोन फूट आणि वर जेमतेम पाऊण इंच. निम्म्या साखळीचा चौरस हा गंटरच्या चौरस साखळीचा चौथा हिस्सा. एकरात गंटरच्या दहा चौरस साखळ्या, म्हणून दहा चोक चाळीस. चाळीस गुंठ्यांचे कोडे इथेच सुटते. गुंठ्याचेही पुढे 16 आणे झाले, एकेक आणा सुमारे 68 चौरस फुटांचा.

राज्य साहेबाचे, एकर साहेबाचा, पण हिशेब लिहिणारा हात मराठी कारकुनाचा होता. तो पावकी, निमकी, पाऊणकी घोकून तयार झालेला. 16 चार वेळा निम्मे करता येतात: आठ, चार, दोन, एक. 100 दोन वेळा निम्मे केले की पंचविसावर येतात, त्यापुढे अपूर्णांक. बांधावर उभे राहून तोंडी हिशेब करणाऱ्याला 16 सोयीचे, यात नवल नाही.

जमीन पैशाच्या नावांनी मोजण्याची सवयही नवी नव्हती. दख्खनच्या गावांत रुका, टका, सजगणी ही नाण्यांची आणि रकमांची नावे जमिनीच्या वाट्यांनाही लावली जात. शिवकाळात पाच हात पाच मुठींची काठी ठरली. 20 काठ्या लांब आणि 20 काठ्या रुंद तो बिघा, आणि 120 बिघ्यांचा चावर. माप नेटके होते. तरी गावोगाव बिघा लहानमोठा होत राहिला, कारण गावाच्या दृष्टीने बिघा हे जितके क्षेत्र तितकाच साऱ्याचा अंदाज. हलक्या मुरमाड जमिनीचा बिघा ऐसपैस, काळ्या कसदार जमिनीचा आखूड. अशाने दोन्हींवरचा सारा आपोआप जुळून येई.

1835 साली इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी मोजणीचे काम सुरू केले तेव्हा त्यांनी या दोन गोष्टी वेगळ्या काढल्या. क्षेत्र साखळीने मोजायचे, प्रत स्वतंत्र ठरवायची. मागच्या लेखांकात आलेली, प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्याची आधीची मोजणी ज्या खडकावर फुटली, तो यामुळे बराचसा टळला. मात्र आण्यांनी तिथेही पाठ सोडली नाही. जमीन खणून मातीची खोली हातांत पाहायची, रंग आणि पोत पाहायचा, आणि प्रतवार आणे द्यायचे. सर्वांत उत्तम प्रत 16 आण्यांची, खालच्या प्रती क्रमाने उतरत जाणाऱ्या. एकाच शेताला अशा तऱ्हेने दोन प्रकारचे आणे मिळाले, एक लांबीचे आणि एक कसाचे. जुनी कागदपत्रे वाचताना नवख्याची पहिली फसगत होते ती इथे.

तिसरे आणे हिश्शाचे. एकत्र खात्यात कोणाचा वाटा किती हे सांगणारी ती आणेवारी. चार भाऊ असले तर प्रत्येकी चार आणे, काही अडचण नाही. तीन भाऊ असले की प्रत्येकी पाच आणे चार पै, कारण आण्याच्या 12 पै आणि रुपयाच्या 192. तेही बरोबर तुटते. पाच भावांत मात्र 192 तुटत नाहीत. तीन आणे दोन पै प्रत्येकी लिहिले की दोन पै उरतात. रुपयाच्या 192 पैकी दोन म्हणजे काहीच नाही असे वाटेल, पण 20 एकरांच्या सर्व्हे नंबरात दोन पै म्हणजे आठ गुंठ्यांहून थोडी जास्त जमीन. भावकीची भांडणे याहून लहान तुकड्यावरून झालेली आहेत.

20 एकर हा आकडा हवेतला नाही. सर्व्हे नंबर पाडताना एका बैलजोडीला वाहता येईल एवढे क्षेत्र धरले होते. हलक्या जिराईत जमिनीत साधारण 20 एकर, भारी काळ्या जमिनीत 12, भाताच्या जमिनीत चारच्या आसपास. नंबर हे औताचे माप होते. कुटुंब वाढले तशी त्यात पोटहिश्शांची भर पडली, आणि औताच्या मापाला वाटण्यांचे माप चिकटले. 1947 साली तुकडेबंदी आणि तुकडेजोडचा कायदा आला. गावोगाव एकत्रीकरण होऊन सर्व्हे नंबरांच्या जागी गट नंबर आले. तुकडे पडायचे काही थांबले नाहीत.

1 एप्रिल 1957 हा दिवस या कथेत दोनदा येतो. त्या दिवशी रुपयाचे 16 आणे जाऊन 100 नवे पैसे आले, आणि मुंबई राज्यात त्याच दिवशी कृषक दिन ठरून कसणारी कुळे मालक मानली गेली. दुसऱ्या घटनेकडे पुढच्या आठवड्यात यायचे आहे. पहिल्या घटनेने बाजारातला आणा संपवला, दप्तरातला नाही. पिकाच्या उताऱ्याचा आण्यांतला अंदाज, म्हणजे पिकाची आणेवारी, कागदावर पैसेवारी झाली आणि 50 पैशांची रेघ टंचाईची खूण ठरली. तरी पीक बुडाले की गावात विचारतात ते आणेवारी किती लागली असेच. मोजणीच्या टिपणांत तर साखळ्या आणि आणे जसेच्या तसे आहेत. हद्दीचा वाद निघाला की भूकरमापक आधुनिक यंत्र घेऊन येतो खरा, पण जुळवायचे असते जुन्या टिपणाशी. टिपणात मधली रेषा, तिच्या डाव्या-उजव्या हाताला काढलेले लंब, आणि प्रत्येकापुढे इतक्या साखळ्या इतके आणे. उपग्रहाने दिलेला बिंदू शेवटी 33 फुटांच्या साखळीपुढे हजर होतो.

शहराजवळच्या गावांत गुंठ्याने वेगळेच रूप घेतले. बैलजोडीच्या हिशेबात एक गुंठा म्हणजे शेताचा कोपरा. दोन खोल्यांचे घर बांधणाऱ्याला मात्र 1,089 चौरस फूट अगदी मापाचे. शेते गुंठ्यागुंठ्याने विकली गेली, परवानगीवाचून वस्त्या उभ्या राहिल्या. पुण्याच्या आसपास या पैशावर मोठे झालेल्यांना लोकांनी गुंठामंत्री म्हटले. अखेर 2001 साली अशी बांधकामे नियमित करण्यासाठी गुंठेवारीचा कायदा करावा लागला. मोजणीचे एकक कायद्याच्या नावातच जाऊन बसले, असा मान एकराला काही मिळालेला नाही.

आता सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर आणि आरमध्ये असते. एक आर म्हणजे 100 चौरस मीटर, आणि गुंठा 101.17 चौरस मीटरांचा. फरक इतका थोडका की बोलताना आर आणि गुंठा एकच धरतात, आणि 40 आरला सरसकट एकर म्हणतात. एकर खरे तर 40.47 आरचा आहे. ज्याने 40 आर घेऊन एकराचे पैसे मोजले, त्याला सुमारे 500 चौरस फूट जमीन कमी मिळाली.