डुमसची काळी वाळू

सुरतेहून डुमसच्या किनाऱ्याकडे निघालेल्याला दोन सल्ले हमखास मिळतात: टमाट्याची भजी खा आणि अंधार पडण्यापूर्वी परत फिरा. किनाऱ्यालगतच्या स्मशानामुळे रुजलेल्या भुताटकीच्या कथा आता देशभर पोहोचल्या आहेत. मी इतिहासाचा विद्यार्थी. मला भुतांपेक्षा तिथल्या काळ्या वाळूत अधिक रस.

या लोहयुक्त वाळूचे कुळ शोधत गेल्यास आपण खानदेशात पोहोचतो. मुलताईहून निघालेली तापी दख्खनच्या काळ्या पाषाणातून वाहत येते आणि त्याचा चुरा मुखाशी आणून टाकते. याच गाळामुळे मोगल काळात मोठी जहाजे सुरतेपर्यंत येऊ शकत नसत. ती नदीमुखाच्या उत्तरेस सुवाळीला नांगर टाकत. पुढे 1972 साली उकाई धरण पूर्ण झाले आणि त्या गाळाचा बराच भाग वरच अडू लागला.

2006 मध्ये सुरत महापालिकेची हद्द वाढली व डुमस शहरात आले. गाव शहरात विलीन होते तेव्हा ग्रामपंचायत जाते आणि गावाचा किनारा बघता बघता साऱ्या शहराची चौपाटी होतो. जिथे जाळी वाळत, होड्या ओढल्या जात, ती जागा नकाशावर ‘मोकळी’ दिसते. आता किनारा विकसित करण्याची योजना महापालिकेने हाती घेतली आहे. तिला माझा विरोध नाही. पण अशा कागदांवर हातगाडीवाल्यांसाठी एकच शब्द असतो, ‘अतिक्रमण’. नोकरीत असताना, अन्यत्र, असे कागद माझ्याही सहीने पुढे गेले आहेत.

2014 चा पथविक्रेता कायदा स्पष्ट आहे: सर्वेक्षण पूर्ण होईपर्यंत कोणालाही हटवता येत नाही, आणि नगर विक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांमधून निवडून यायला हवेत. अडचण सर्वेक्षणाच्या वाराची आहे. सरकारी माणूस कामाच्या दिवशी येतो. डुमसचा बाजार सुट्टीच्या संध्याकाळी भरतो. बुधवारी दुपारी तिथे गेलो तेव्हा मला जेमतेम चार गाड्या दिसल्या.

त्यातल्या एका भजीवाल्या बाईंना मी विचारले, नाव नोंदवले का? कढईतून भजी उपसत त्या म्हणाल्या, “साहेब, माझी गाडी रोज असते, माझे नाव लिहितील. पण माझी बहीण फक्त शनिवार-रविवारी कणसे भाजते. तिचे कोण लिहिणार?”