थंडीआधीची गोधडी

आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपतो. तीन महिने विहारात संध्याकाळी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालते, बाया नेमाने येऊन बसतात. ग्रंथ संपला की ही बैठक मोडते, याची आम्हाला हळहळ वाटायची. म्हणून उत्तर नागपुरातील आमच्या विहाराच्या महिला मंडळाने एक रीत सुरू केली. वाचन संपल्यावर चार आठवडे दुपारी जमायचे, प्रत्येकीने एक लहान गोधडी शिवायची आणि थंडी पडायच्या आत ती विहारात आणून अदलाबदल करायची. कोणाची गोधडी कोणाकडे जाईल ते चिठ्ठ्या टाकून ठरते. ज्या घरी बाळ येणार आहे किंवा लहान लेकरू आहे, त्या घराची चिठ्ठी आधी. गोधडीच्या घडीत एखादे झबले, टोपडे, लंगोट असे हाताने शिवलेले काहीतरी ठेवलेले असते.

मग हा विषय आरोग्याच्या पानावर कशाला? कारण पहिल्याच हिवाळ्यात आमच्या चुका आम्हाला कळल्या.

एका घरी सहा वर्षांची मुलगी आहे, सिकलसेलची, एसएस पॅटर्नची. तिच्या वाट्याला आलेली गोधडी दिसायला फार देखणी होती, पण आत सात-आठ पदर घातलेले. धुतली तर ढगाळ हवेत दोन दिवस वाळेना. त्या रात्री लेकरू पातळ चादरीवर, फरशीवर झोपले. पहाटे हातपाय धरून रडत उठले. दवाखान्यात चार दिवस काढावे लागले. त्याच आठवड्यात दुसऱ्या घरी एका आईने बाळाला निजवण्याआधी दुपट्यावरून हात फिरवला, तर बोटाला सुई लागली. शिवताना ती आतच राहून गेली होती. बाळ वाचले, पण आम्हा सगळ्यांच्या अंगावर काटा आला. प्रेमाने शिवले म्हणून ते आपोआप सुरक्षित होत नाही, हे आम्ही त्या दिवशी शिकलो.

थंडी आणि सिकलसेल

विदर्भात सिकलसेल आदिवासी बांधवांत आहे, तसा आपल्या समाजातही मोठ्या प्रमाणात आहे. या आजारात रक्तातील तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. अंगाला गारठा लागला की रक्तवाहिन्या आकसतात, वाकड्या पेशी त्यांत अडकतात आणि हाडासांध्यांत असह्य कळा सुरू होतात. डिसेंबर-जानेवारीत नागपूरचा पारा रात्री १० अंशांच्याही खाली जातो. टिनाच्या छपराखाली, फरशीवर झोपणाऱ्या लेकराला हा गारठा वरून आणि खालून दोन्हीकडून लागतो. म्हणून एसएस लेकराला एक गोधडी अंथरायला आणि एक पांघरायला हवी. थंडीत तहान लागत नाही म्हणून पाणी कमी पडते, त्यानेही दुखणे उठते. पाणी आठवणीने पाजावे.

गोधडी म्हणजे औषध नव्हे. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या मनाने बंद करू नयेत. सिकलसेलच्या लेकराला ताप आला तर घरी वाट न पाहता लगेच दवाखाना गाठावा. नवरा-बायको दोघेही एएस असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ एसएस होण्याची शक्यता चारात एक असते. हे कोणाच्या नजरेने किंवा मागच्या जन्मीच्या पापाने होत नाही, आईबापाकडून आलेल्या जनुकांमुळे होते. २०२३ च्या जुलैपासून सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान चालू आहे. सरकारी दवाखान्यात रक्ताची तपासणी करून घ्या, लग्न ठरवण्याआधी तर नक्कीच.

कापड कोणते, पदर किती

आता आमच्याकडे चारच पदरांची गोधडी चालते. वर-खाली जुन्या सुती साडीचे एकेक, मध्ये दोन. एका जाड गोधडीपेक्षा दोन पातळ गोधड्या बऱ्या. दोन थरांमध्ये हवा अडकून ऊब जास्त टिकते आणि धुतल्यावर दोन्ही लवकर वाळतात. ओली गोधडी अंगातली ऊब ओढून घेते. दमट राहिली तर बुरशीचा वास येतो आणि दम्याच्या माणसाला खोकला सुटतो. बाळाचे दुपटे एक वार लांब आणि पाऊण वार रुंद पुरे.

कापड सुतीच हवे. नायलॉन, पॉलिस्टरची साडी मऊ आणि चमकदार दिसते, पण घाम टिपत नाही. चुलीची किंवा शेगडीची ठिणगी पडली तर वितळून कातडीला चिकटते. ओळखायचे कसे? एक धागा काढून जाळून पाहा. सूत कागदासारखे जळून राख होते, नायलॉनचा कडक मणी होतो.

कापड नवे असो की जुने, शिवायच्या आधी धुऊन घ्या. नव्यातली खळ निघते, आटायचे ते आधीच आटते. मग बोटाबोटाच्या अंतरावर धावदोरा घाला. टाके लांब पडले तर बाळाची बोटे त्यांत अडकतात.

सुया मोजून द्या, मोजून घ्या

विहारात एका बाईकडे सुयांचा डबा असतो. बसताना ती सुया मोजून देते, उठताना मोजून घेते. एक जरी कमी भरली तरी सापडेपर्यंत कोणी उठत नाही. तयार गोधडी आधी तळहाताने दाबून, मग लोहचुंबक फिरवून तपासतो. प्रत्येकीची सुई वेगळी, कारण टोचलेल्या सुईला रक्त लागते. सुई तोंडात धरायची नाही. बोटात अंगुस्तान घालावे. खोल टोचले तर साबणाने धुवावे आणि धनुर्वाताचे इंजेक्शन लागेल का ते दवाखान्यात विचारावे.

बाळासाठी शिवताना

बाळाच्या कपड्याला गुंडी, मणी, टिकली, कवडी, गोंडा लावायचा नाही. ते तुटून नाकातोंडात जाते. टोपड्याला गळ्याखाली लांब नाडी नको. डोके गोल व्हावे म्हणून मोहरीची उशी देण्याची पद्धत होती, ती आम्ही बंद केली. शिवण उसवली की दाणे बाळाच्या तोंडात जाऊ शकतात, आणि तान्ह्या बाळाला उशी लागतही नाही. दृष्ट लागू नये म्हणून काळा दोरा किंवा काजळही देत नाही. लसीकरणाच्या कार्डासाठी मात्र एक लहानशी पिशवी शिवून देतो.

दुपट्यात बाळाचे पाय करकचून सरळ बांधू नयेत. पाय बेडकासारखे मोकळे वाकले पाहिजेत, नाहीतर खुब्याच्या सांध्याला इजा होऊ शकते. बाळाला पाठीवर निजवावे आणि तोंडावर कधीही पांघरूण घेऊ नये.

जन्मलेल्या बाळाला सगळ्यांत चांगली गोधडी म्हणजे आईची छाती. अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाला आईने उघड्या छातीशी धरावे, वरून दोघांना गोधडी पांघरावी. याला कांगारू मातृसेवा म्हणतात. बाळ गारठले का, हे हाताच्या मागच्या बाजूने तपासता येते. पोट आणि पावले दोन्ही उबदार असतील तर बाळ ठीक आहे. पोट उबदार पण पावले गार असतील तर लगेच छातीशी धरून ऊब द्यावी. दोन्ही गार असतील तर छातीशी धरूनच तडक दवाखाना गाठावा.

शिवणारीचे डोळे आणि पाठ

“आता सुईत दोरा ओवता येत नाही, माझं वय झालं,” असे म्हणून आमच्या काही आजी मागे सरत होत्या. चाळिशीनंतर जवळचे अंधूक दिसू लागते, तो काही शेवट नाही. सरकारी रुग्णालयात डोळे तपासून घेतले आणि चष्मा लागला, की त्याच आजी आम्हा सगळ्यांच्या पुढे. शिवण उजेडात, दाराशी बसून करावे, रात्रीच्या मिणमिणत्या दिव्यात नको. पाठ भिंतीला टेकवावी. अर्ध्या तासाने उठून चार पावले चालावे, मान आणि बोटे मोकळी करावीत.

देण्यातला मान

अदलाबदलीत आलेली गोधडी वापरण्याआधी गरम पाण्यात साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवावी. घरात खरूज असेल तर आपली गोधडी गुपचूप देऊ नये, आणि सांगितल्यावर कोणी नाक मुरडू नये. खरूज किड्यामुळे होते, घाणेरडेपणाची ती शिक्षा नाही. घरातील सगळ्यांनी एकाच वेळी औषध लावायचे आणि पांघरुणे गरम पाण्यात धुवायची. जे धुता येत नाही ते पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर बाजूला ठेवायचे. अंगापासून दूर झाला की तो किडा दोन-तीन दिवसांत मरतो.

आमचा एक नियम सर्वांत जुना आहे: फाटके, डागाळलेले, ‘चालून जाईल’ असे काही द्यायचे नाही. मनुस्मृतीने काही माणसांच्या अंगावर मेलेल्यांची वस्त्रे लिहून ठेवली होती. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला ती जाळली. दुसऱ्याचे उतरलेले अंगावर घेण्याचे दिवस आपल्या आज्यांनी पाहिले आहेत. २० जुलै १९४२ रोजी याच नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिलांची परिषद भरली, तिथे बाबासाहेबांनी आपल्या मायबहिणींना स्वच्छतेचा आणि शिक्षणाचा आग्रह धरला. जुनी साडी आणि उतरलेली साडी यांत फरक आहे. जुनी साडी धुऊन, निवडून, टाके घालून आपण तिचे नवे वस्त्र करतो. भिक्खूंचे चीवरही तुकडे जोडून शिवलेले असते. मगधातील शेतांच्या बांधांसारखी त्याची आखणी भगवंतांच्या सांगण्यावरून आनंदाने केली, असे विनयपिटकात आहे.

त्या मुलीला मागच्या हिवाळ्यात दोन पातळ गोधड्या मिळाल्या. थंडीत एकदा दुखले, पण भरती करावे लागले नाही. गोळ्या, पाणी आणि ऊब या तिन्हींचा तो गुण आहे, एकट्या गोधडीचा नव्हे. तिची आई यंदा दुपारच्या बैठकीत सुयांचा डबा सांभाळते.

आपल्या वस्तीतही हे करता येईल. एक विहार, चार जुन्या सुती साड्या, मोजलेल्या सुया आणि दुपारचा उजेड एवढे पुरते. थंडी यायच्या आत बसा.

जयभीम!