पवईचे सर आणि धाराशिवचा वर्ग

आज आपण प्रा. दीपक फाटक यांच्या कामाविषयी बोलू. पवईच्या आयआयटीतल्या प्राध्यापकाची गोष्ट धाराशिवात कशाला, असं कुणालाही वाटेल. म्हणून आपल्या अडचणीपासूनच सुरुवात करू.

आपल्याकडे इंजिनिअरिंग कॉलेज ऐंशीच्या दशकापासून आहे. इमारत होते, संगणक येतात. अडतं ते शिकवणाऱ्यापाशी. संगणकाचा विषय दर चार-पाच वर्षांनी बदलतो. मग शिक्षकाला तो नव्याने कोण शिकवणार? प्रत्येकाला मुंबई गाठता येत नाही.

फाटक सर 1969 साली इंदूरहून इलेक्ट्रिकलचे पदवीधर झाले, पवईला एम.टेक. केलं आणि 1971 पासून तिथंच शिकवू लागले. तेव्हा संगणक खोलीभर असायचा. कार्डांवर भोकं पाडून प्रोग्रॅम द्यायचा आणि उत्तराची वाट बघायची. पुढे 1998 मध्ये आयआयटीत माहिती तंत्रज्ञानाची कन्वल रेखी शाळा निघाली, तिचे ते पहिले प्रमुख. 2013 साली त्यांना पद्मश्री मिळाली.

पण आपल्या कामाची गोष्ट वेगळी आहे. त्यांनी शिक्षकांनाच शिकवायचं ठरवलं, तेही एका वेळी हजार जणांना. साधा हिशेब बघा. एका शिक्षकाच्या वर्गात साठ मुलं धरली, तर हजार शिक्षकांमागे साठ हजार मुलं झाली.

हे चालायचं कसं? देशभरातली कॉलेजं केंद्रं म्हणून निवडली. प्रत्येक केंद्राचा समन्वयक आधी पवईला येऊन तयार व्हायचा. मग शिक्षक आपल्या जवळच्या केंद्रावर जमायचे. व्याख्यान पवईहून थेट पडद्यावर, प्रश्नही तिथूनच विचारायचे. प्रात्यक्षिक मात्र केंद्रातल्याच प्रयोगशाळेत, समन्वयकासमोर. म्हणजे पडदा होता, पण शेजारी माणूसही होता. नुसता व्हिडिओ लावून प्रोग्रॅमिंग येत नाही. चूक कुठे झाली ते बोट ठेवून दाखवणारा लागतो.

स्वस्त ‘आकाश’ टॅब्लेटचं कामही त्यांच्या गटाकडे आलं होतं. तो गाजला खूप, टिकला नाही. यंत्र जुनं होतं; शिकलेला शिक्षक मात्र पुढची तीस वर्षं वर्गात उभा असतो.

2018 मध्ये आपला जिल्हा देशाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत गेला. तेव्हा कॉलेजला किती संगणक मिळाले, हे आपण जरूर विचारू. पण त्याआधी एवढं विचारू या, की आपल्या शिक्षकांना यंदा नवं काय शिकायला मिळालं?