निघाले गोवळकोंड्याला, राहिले गोव्याला!

पांढरकवड्याहून हैदराबादचा रस्ता धरला, पैनगंगा ओलांडली की गोवळकोंडा आपल्याला एका दिवसाचा प्रवास. इटलीच्या थिएटाइन संघातल्या धर्मगुरूंना मात्र तो कायमचा हुकला! पोप आठवे अर्बन यांनी त्यांना गोवळकोंड्यालाच धाडलं होतं. तिथे धर्मप्रसाराची परवानगी मिळेना, म्हणून १६४० मध्ये त्यांनी गोव्यात बस्तान बसवलं. जुन्या गोव्यातलं सेंट कॅजेटन चर्च ही त्या हुकलेल्या मुक्कामाची कमाई.

परक्या मुलुखात चर्च बांधायचं तर कसं? थेट रोमच्या सेंट पीटर्ससारखं! सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात ते उभं राहिलं. समोर उंच कोरिंथियन खांब, कोनाड्यांत संतांचे पुतळे, मधोमध भव्य घुमट. रुबाब अस्सल रोमन, पण गिलाव्याआड आहे आपला कोकणी जांभा दगड.

आणि गंमत पाहा, सेंट पीटर्सच्या दर्शनी भागावरही घंटेचे मनोरे होणार होते. वास्तुकार बर्निनीने एक चढवलाही, पण भिंतीला तडे गेले आणि १६४६ मध्ये तो उतरवावा लागला. गोव्याच्या चर्चला दोन्ही मनोरे आहेत!

आत गेलात की घुमटाखाली जमिनीकडे बघा. तिथे चक्क विहीर आहे, वर झाकण. इथे आधी देऊळ होतं का, यावर तर्क आजही चालतात.

तळघराची गोष्ट अंगावर काटा आणणारी. गोव्यात वारलेल्या पोर्तुगीज गव्हर्नरांचे देह मसाला भरून शिशाच्या पेट्यांत ठेवत आणि तिथून लिस्बनला रवाना करत.

इटलीची छाप जवळच्या बॉम जेझूस चर्चमध्येही दिसते. सेंट फ्रान्सिस झेवियरच्या समाधीचा संगमरवरी चौथरा टस्कनीच्या ग्रँड ड्यूकने पाठवला. फ्लॉरेन्सचा शिल्पकार फोजिनी त्यावर दहा वर्षं खपला आणि १६९८ मध्ये तो गोव्यात बसला. पर्यटकांची झुंबड तिथेच, सेंट कॅजेटनकडे फार थोडे वळतात. मला विचाराल तर आधी इथेच या.

कारण सेंट कॅजेटनच्या थिएटाइन पाहुण्यांनी एक मोठं काम केलं. इतर धर्मसंघ गोमंतकीयांना आत घ्यायला नाखूश असताना यांनी दार उघडलं आणि हळूहळू इटालियनांचा मठ गोमंतकीयांचाच झाला. १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारने धर्मसंघ बंद केले. मठाची इमारत टिकली, आता तिथे धर्मगुरूंच्या प्रशिक्षणाची संस्था चालते.