राखेवरचा हिरवा टाका

परदेशात काही कलावंत वणव्यानंतर पुन्हा उगवणारं रान गोधडीवर उतरवतात. काळ्या कापडाची ठिगळं म्हणजे जळालेली खोडं, त्यांतून वर येणारा हिरवा दोरा म्हणजे पालवी. या विषयाला गोधडी शोभतेच. आपल्या नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातली वाकळ तरी दुसरं काय सांगते? विटलेलं लुगडं, फाटकी ओढणी, जुनं धोतर एकावर एक अंथरायचं, धावदोरा घालायचा आणि त्या उबेत नवं बाळ निजवायचं.

पण रानातला हा हिरवा टाका येतो कुठून, हे नीट पाहायला हवं. ऑस्ट्रेलियातल्या निलगिरीला जळालेल्या खोडावरच धुमारे फुटतात. कॅलिफोर्नियातल्या सिकोया वृक्षाची शंकूसारखी फळं आगीच्या धगीनं उकलतात आणि बी मोकळ्या जमिनीत रुजतं. तिथल्या या झाडांनी आगीशी जुळवून घेतलं आहे.

आपल्याकडची गोष्ट निराळी. अकोले तालुक्यात १९८६ साली कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य झालं. अशा डोंगररानांत फेब्रुवारीपासून मेपर्यंत वणव्याचं भय असतं, आणि वणवा बहुधा माणसाच्याच हातून लागतो. कुठे विडीचं थोटूक पडतं, तर कुठे गवत मुद्दाम पेटवलं जातं. जाळलं की पुढचं गवत दाट येतं, असा जुना समज आहे.

पहिल्या पावसात डोंगर हिरवा होतो, हे खरंच. मात्र आग वरवर धावते; मातीखाली धग फार खोल जात नाही. म्हणून गवताचे ठोंब वाचतात, पळस मुळांतून आणि साग बुंध्यातून पुन्हा फुटतो. आगीला जे नेता आलं नाही, तेच उगवतं. राखेचं थोडं खत मिळतं, पण उतारावर तेही पहिल्या सरींबरोबर वाहून जातं. जळतात ती कोवळी रोपं, पडलेलं बी आणि माती झाकणारा पाचोळा. दरवर्षी वणवा लागला, तर रानात म्हातारी झाडं उरतात, लेकरं उरत नाहीत.

म्हणूनच वनखातं उन्हाळ्याआधी जाळरेषा काढतं. राखीव वनात आग लावणं १९२७ च्या वन कायद्यानं गुन्हा आहे.

आपल्या डोंगरांची गोधडी कुणी शिवलीच, तर काळ्या ठिगळानंतर लगेच हिरवा दोरा घालून तिनं थांबू नये. मध्ये बिनआगीच्या अनेक वर्षांचे टाके घालावेत. रोपाचं झाड होतं ते त्याच वर्षांत.