विश्लेषण : इन्कांची गोल शेती, डोंगरातले मिठागर… पेरूतील मोराय-मारास अर्ध्या दिवसात कसे पाहाल?

पेरूला जाणाऱ्यांच्या यादीत माचू पिचू असतेच आणि त्यासाठी कुस्को शहरात मुक्कामही होतो. कुस्कोपासून सुमारे ५० किलोमीटरवरची मोराय आणि मारास ही दोन ठिकाणे मात्र ‘वेळ उरला तर’ या रकान्यात जातात. प्रत्यक्षात त्यांना सहा तास पुरतात. गडबड होते ती ऋतू आणि तिकिटांमध्ये.

मोराय नेमके काय आहे?

जमिनीतल्या खोलगट भागात एकात एक बसवलेली वर्तुळाकार पायऱ्यांची शेती. सर्वात मोठा खळगा सुमारे ३० मीटर खोल आहे. वरच्या आणि तळाच्या पायरीच्या तापमानात १५ अंश सेल्सियसपर्यंत फरक पडतो, असे सांगितले जाते. त्यामुळे हे इन्कांचे कृषी प्रयोगकेंद्र असावे, असा तर्क मानववंशशास्त्रज्ञ जॉन अर्ल्स यांनी मांडला. गाइड तो सिद्ध झाल्यासारखा सांगतात, पण तो तर्कच आहे. खरी कमाल पाण्याच्या निचऱ्याची वाटते, कारण एवढ्या खोल खळग्यात पाणी साचून राहत नाही. तरीही २०१० च्या अतिवृष्टीत पायऱ्यांचा काही भाग ढासळला आणि त्याची डागडुजी करावी लागली.

समुद्र नाही, मग मीठ कुठून?

पेण-उरणच्या मिठागरांत भरतीचे पाणी आत घेतात. मारासमध्ये ते डोंगराच्या पोटातून येते. जमिनीखालच्या क्षारांच्या थरांतून वाहणारा खारट झरा इथे बाहेर पडतो. त्याचे पाणी अरुंद पाटांतून उतारावरच्या तीन हजारांहून अधिक छोट्या वाफ्यांत सोडतात. वाफा भरला की त्याचे तोंड बंद करायचे, पाणी उन्हात आटू द्यायचे, पुन्हा भरायचे. सुमारे महिनाभरात जमलेला थर खरवडून काढतात. पंप नाही, मोटर नाही. सगळे काम उतार आणि ऊन करते. ही पद्धत इन्कांच्याही आधीची मानली जाते.

वाफे मारास आणि पिचिंगोतो इथल्या कुटुंबांकडे आहेत आणि ते वारशाने पुढच्या पिढीकडे जातात. हे खायचे मीठ आहे. पर्यटकांच्या पायांनी ते खराब होऊ लागल्याने जून २०१९ पासून वाफ्यांच्या मधून चालायला बंदी आहे. इन्स्टाग्रामवर वाफ्यांच्या बांधावर उभे राहिलेले फोटो दिसतात, ते बहुतेक त्याआधीचे. आता कठड्यामागूनच पाहायचे.

कधी जावे?

मे ते ऑक्टोबर हा कोरडा काळ. तेव्हा वाफे पांढरेशुभ्र दिसतात. पावसाळ्यात, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते मार्चमध्ये, मीठ काढणे थांबते आणि वाफे मातकट तपकिरी होतात. आपल्याकडची मे महिन्याची सुट्टी इथे अगदी जुळते, नाताळची नाही. २४ जूनला कुस्कोत इंती रायमी उत्सव असतो, त्या आठवड्यात खोल्या आधीच बुक करा.

वेळेचे गणित आणि दोन तिकिटे

सकाळी आठला कुस्कोहून निघालात तर दीड तासात मोराय. तिथे तासभर, मग गाडीने अर्ध्या तासात मिठागर, तिथेही तासभर. दोनच्या सुमारास परत. टॅक्सी ठरवली तर वेळ आपल्या हातात राहते. ग्रुप टूर स्वस्त पडते, पण वाटेत चिंचेरोला विणकामाच्या दुकानात बराच वेळ जातो.

मोरायला कुस्कोचे ‘बोलेतो तुरिस्तिको’ हे एकत्रित तिकीट लागते. त्याच्या दोन दिवसांच्या छोट्या प्रकारात पिसाक, चिंचेरो आणि ओयांतायतांबोही येतात. मिठागरात ते चालत नाही. तिथले तिकीट वेगळे, त्यासाठी सोल या स्थानिक चलनात रोख ठेवा.

माचू पिचूची रेल्वे ओयांतायतांबोहून पकडणार असाल तर कुस्कोला परतूच नका. सामान गाडीत टाका आणि मिठागरावरून थेट तिकडे उतरा. परतीचा प्रवास वाचतो, तिकीटही वसूल होते.

एक मात्र विसरू नका. कुस्को ३,४०० मीटरवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून उंच, आणि मोराय त्याहून थोडे वर. विमानातून उतरल्या दिवशी ही सहल ठेवू नका. डोके दुखणे, मळमळ, धाप लागणे असा त्रास तरण्याताठ्यांनाही होतो. मध्ये किमान एक दिवस आरामाचा ठेवा. मोरायच्या वाटेवर उतरणे सोपे आहे, पण परतताना तोच चढ दमवतो.