सामायिक घर आणि बर्फावरची हॉकी

हॉकी म्हटले की आपणांस हिरवे मैदान आणि मेजर ध्यानचंद आठवतात. टोरांटोस शिकावयास गेलेल्या मराठी तरुणास मात्र हॉकी भेटते ती बर्फावर, आणि तीही बहुधा मित्रांसह भाड्याने घेतलेल्या घराच्या दिवाणखान्यात. भाडे, वीज, किराणा यांची वाटणी ठरलेली असते. शनिवारची रात्र मात्र आपोआप सर्वांची होते, कारण त्या रात्री दूरचित्रवाणीवर सामना असतो.

प्रारंभी ती काळी रबरी चकती नजरेस पडतही नाही. मग सोबती समजावतात : प्रत्येक बाजूस गोलरक्षकासह सहा खेळाडू, वीस मिनिटांची तीन सत्रे, किरकोळ नियमभंगास दोन मिनिटे बाहेर बसण्याची शिक्षा. २००८ पासून पंजाबी समालोचनाचीही सोय झाली आणि परका खेळ अधिक जवळ आला.

टोरांटोच्या मेपल लीफ्स संघाने १९६७ साली स्टॅन्ली चषक जिंकला. त्यानंतर दशके लोटली, तरी दर हंगामी आशा नव्याने पालवते. पराभवाचे दुःखही येथे वाटून घेतले जाते. त्या निमित्ताने खोलीचे दार लावून एकटा बसणारा मुलगा बाहेर येतो, चौघांत जेवतो, बोलतो. गोठविणाऱ्या हिवाळ्यात हा आधार लहान नव्हे. आईवडिलांनी दूरध्वनीवर अभ्यासाबरोबरच सामन्याचीही चौकशी अवश्य करावी.